समांतर विकास व उत्पादन (संरक्षण सामग्री)

शस्त्रप्रणालीचा विकास, चाचण्या आणि उत्पादन ही कामे अंशतः एकाच वेळी चालविण्याची पद्धती. तिच्यात वेळ वाचतो. पण चाचणीत दोष निघाला, तर आधी बाहेर पडलेल्या प्रत्येक नगात दुरुस्ती करावी लागते. म्हणून चाचण्या पुऱ्या होण्याआधी उत्पादनावर किती पैसा गुंतवावा, हा यातील कळीचा प्रश्न.

उगमाविषयी मतभेद आहेत. श्रेय सामान्यतः अमेरिकी हवाई दलाचे जनरल बर्नार्ड श्रीव्हर यांना दिले जाते. १९५४ पासून त्यांच्या देखरेखीखाली ॲटलस क्षेपणास्त्राचा आराखडा, उत्पादन, तळांची उभारणी व प्रशिक्षण बरोबरीने चालले. ॲटलस फसल्यास हाताशी असावे म्हणून टायटन क्षेपणास्त्रही विकसित करण्यात आले. काही अभ्यासकांच्या मते, श्रीव्हर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून चालत आलेल्या रीतीला केवळ नाव व शिस्त दिली. बी-२९ बाँबफेकी विमानाचा दाखला पाहता हेच मत अधिक ग्राह्य वाटते. सप्टेंबर १९४२ मधील पहिल्या उड्डाणापूर्वीच शेकडो विमानांची मागणी नोंदली गेली होती. कारखान्यातून निघालेली विमाने युद्धावर धाडण्याजोगी नव्हती. १९४४ च्या मार्च-एप्रिलमध्ये कॅन्ससमध्ये तंत्रज्ञांनी बर्फात, उघड्यावर उभे राहून त्यांत फेरबदल केले; त्यानंतरच ती खरगपूर परिसरातील तळांकडे निघाली.

अमेरिकेचे उपसंरक्षणमंत्री डेव्हिड पॅकार्ड (१९६९–७१) यांनी ‘आधी उडवा, मग घ्या’ या धोरणाचा पाठपुरावा केला. ए-१० व एफ-१६ ही विमाने स्पर्धक नमुन्यांच्या उड्डाणांतून निवडली गेली. एफ-३५ च्या बाबतीत मात्र विकासचाचण्यांची उड्डाणे २०१८ पर्यंत चालली आणि पूर्ण क्षमतेने उत्पादनास मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली; तोवर शेकडो विमाने सेवेत होती. अमेरिकी संरक्षण खात्याचे खरेदीप्रमुख फ्रँक केंडल यांनी २०१२ मध्येच या घाईवर कडक टीका केली होती. अमेरिकेत विकासनिधी सामान्यतः दोन व खरेदीनिधी तीन वर्षे वापरता येतो (जहाजबांधणीस पाच). दोन्ही खाती वेगळी असल्याने चाचण्या लांबल्या, तरी खरेदीचा पैसा आपोआप विकासाकडे वळत नाही.

भारतात तेजस विमानाच्या पहिल्या २० नगांचा करार २००६ मध्ये झाला, प्रारंभिक कार्यमान्यता डिसेंबर २०१३ मध्ये व अंतिम मान्यता २०१९ मध्ये मिळाली. मार्क-१ए आवृत्तीची तिसरी उत्पादनसाखळी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने नाशिक येथे उभारली आहे.