देशी वनस्पतींची बाग शिक्षणात आली कशी?

शाळेला बाग हवी हा विचार जुना. तिथे त्याच भूमीतली झाडं हवीत, हा त्यामानाने नवा. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1840 मध्ये जर्मनीत आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. त्यांच्या आराखड्यात मधोमध प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा आणि सभोवती सगळ्यांचे सामायिक वाफे. सामुदायिक बागेची ही रचना आजही तितकीच कामाची आहे.

पुढे 1907 मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिका एलॉइज बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या उद्यान मंडळाकडून रानफुलांसाठी जागा मिळवली. शहर पसरत होतं, मुलांना दाखवायला दलदल आणि माळ उरत नव्हते. बटलर यांनी बरीच रोपं रानातून उचलून आणली. आज तसं करू नये. रानातली त्या झाडांची संख्या घटते, आणि खोल मूळ तुटलेलं रोप बहुधा जगतही नाही. बीच गोळा करावं. तेही अनेक झाडांवरून थोडं थोडं, पिकलेल्या बियांच्या दहाव्या हिश्शाच्या आत.

खरा धडा मिळाला तो अमेरिकेतल्याच मॅडिसन शहरात. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अर्बोरेटममध्ये, म्हणजे अभ्यासासाठी राखलेल्या वनस्पती-उद्यानात, 1935 पासून जुन्या शेतजमिनीवर गवताळ माळ पुन्हा उभा करायला घेतला, पण ब्लूग्रास नावाचं परकं गवत हटेना. 1940 च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांच्या प्रयोगांत नियंत्रित आग दिल्यावर ते मागे पडलं आणि देशी गवतं जोमाने फुटली. लावणी झाली म्हणजे बाग झाली, हा समज तिथे मोडला.

1977 मध्ये लंडनला टॉवर ब्रिजजवळ, लॉऱ्यांच्या जुन्या तळावर विल्यम कर्टिस इकॉलॉजिकल पार्क सुरू झालं. 1985 मध्ये ते बंद झालं, तोवर शाळकरी मुलं तिथे येऊन शिकत होती. 1977 मध्येच जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात भरलेल्या, अनेक देशांच्या सरकारांच्या परिषदेने पर्यावरण शिक्षणात माहितीइतकंच कौशल्याला आणि सहभागाला स्थान दिलं.

तरीही बागा फसतात त्या साध्या कारणांनी. शेणखत भरपूर घातलं की तणच माजतं. बऱ्याच रानफुलांना हलकी जमीनच मानवते. पेरणीआधी वाफा भिजवून तण उगवू द्यावं, वरची 2-3 सेंटीमीटर माती खुरपावी आणि हे दोन-तीनदा करावं. खोल खणलं तर खालचं तणाचं बी वर येतं. शेंगावर्गीय झाडांचं कडक बी उकळून खाली उतरवलेल्या, जरा निवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवावं. फुगलेलं बी पेरावं, न फुगलेलं सँडपेपरवर हलकं घासून पुन्हा भिजवावं.

सर्वांत मोठं नुकसान खुरपणीत होतं: मदतीला आलेले हौसेने देशी रोपंच उपटतात. म्हणून प्रत्येक जातीचं चिमूटभर बी नाव लिहिलेल्या वेगळ्या कुंडीत पेरावं आणि खुरपणीच्या दिवशी ती कुंडी वाफ्याशेजारी ठेवावी. त्यातली पानं पाहूनच खुरपं चालवावं.