केपटाऊन

केपटाऊन : दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाजवळ अटलांटिक महासागराच्या काठी वसलेले बंदर, वेस्टर्न केप प्रांताची राजधानी आणि देशाच्या संसदेचे शहर. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४७ लाख ७० हजार. किनारा आणि डोंगर दोन्ही लाभलेली शहरे जगात बरीच आहेत. इथे मात्र टेबल माउंटन हा हजार मीटरहून उंच डोंगर वस्तीच्या मधोमध उभा आहे आणि शहर त्याच्या भोवतीने पसरले आहे. पाऊस कुठे जास्त पडेल, धुके कुठे उतरेल, समुद्राचे पाणी कोणत्या दिवशी बोचरे असेल, हे तो डोंगर आणि त्याला येऊन भिडणारा वारा यांवर ठरते. त्यामुळे इथली सहल तारखेपेक्षा वाऱ्याकडे पाहून आखावी लागते.

टेबल माउंटनची उंची १,०८६ मीटर. समोरचा सपाट कडा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या एका अंगाला डेव्हिल्स पीक, दुसऱ्या अंगाला ६६९ मीटर उंचीचे लायन्स हेड. पाचगणीचे टेबललँड पाहिलेल्याला हा माथा ओळखीचा वाटेल, पण दगड अगदी निराळा : पाचगणीला बेसाल्टवर जांभ्याचा थर आहे, इथे खाली ग्रॅनाइट आणि पाटीचा दगड असून वर वालुकाश्माचे जाड थर आहेत. रोपवे १९२९ मध्ये सुरू झाला. १९९७ पासूनच्या पाळण्यांची फरशी चढताना पूर्ण गोल फिरते, त्यामुळे खिडकीसाठी धावपळ करावी लागत नाही. पायी जाणाऱ्यांसाठी सर्वांत सरळ वाट प्लाटेक्लिप घळीतून आहे. १५०३ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी आंतोनियो द साल्दान्या डोंगरावर चढला, तीच या डोंगराची नोंदलेली पहिली चढाई. घळीची वाट म्हणजे दगडी पायऱ्यांची सलग चढण, दोन ते तीन तासांची. सावली फार थोडी. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ती अवघड नाही, तरी उन्हाळ्यात पहाटे निघावे, पाणी भरपूर घ्यावे आणि एकट्याने जाऊ नये. वाटांवर लूटमारीचे प्रकार घडतात आणि माथ्यावर ढग अचानक उतरतो. वर डॅसी नावाचे सशाएवढे गुबगुबीत प्राणी खडकांवर ऊन खात बसलेले दिसतात.

उन्हाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आग्नेयेकडून जोरदार वारा सुटतो. शहरातली घाण आणि धूर उडवून नेतो म्हणून जुन्या रहिवाशांनी त्याला ‘केप डॉक्टर’ म्हटले. फॉल्स बे या उपसागरावरची दमट हवा डोंगरावर चढते, गार होते आणि माथ्यावर तिचा पांढरा ढग बनतो. शहराच्या बाजूने तो कड्यावरून खाली ओघळतो आणि उतरता उतरता विरून जातो. या ढगाला ‘टेबलक्लॉथ’ म्हणतात. वॅन हुंक्स नावाच्या म्हाताऱ्या चाच्याने सैतानाशी पैज लावून चिलीम ओढली, तिचा हा धूर, अशी लोककथा आहे. वारा वाढला की रोपवे बंद होतो. २०१७ मध्ये तर या वाऱ्यामुळे १०९ किलोमीटरची प्रसिद्ध सायकल शर्यत रद्द करावी लागली. आकाश निरभ्र आणि हवा शांत असेल त्या पहिल्याच सकाळी डोंगर गाठावा. उद्यावर ढकलणारे बरेच जण न चढताच परततात.

समुद्राचेही तसेच. क्लिफ्टन आणि कॅम्प्स बे या अटलांटिक बाजूच्या पुळणी दिसायला अप्रतिम, पण पाणी ऐन उन्हाळ्यात १० ते १५ अंश. तोच आग्नेय वारा किनाऱ्याजवळचे वरचे पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि तळातले गार पाणी वर येते. हे पाणी पोषणद्रव्यांनी समृद्ध असते. केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाची पाण्याखालची रानेही त्यावर वाढतात आणि इथली मासेमारीही. पोहायचे असेल तर फॉल्स बेच्या बाजूला मायझेनबर्गला जावे. तिथले पाणी काही अंशांनी उबदार आणि लाटा सौम्य, म्हणून सर्फिंग शिकणारे तिथेच जमतात. डोंगरावरून शार्कवर नजर ठेवणारे टेहळे असतात आणि त्यांच्या रंगीत झेंड्यांकडे लक्ष ठेवूनच पाण्यात उतरायचे असते. पुढे सायमन्सटाऊनजवळ बोल्डर्स येथे आफ्रिकन पेंग्विनांची वसाहत आहे. १९८२ मध्ये दोन जोड्यांपासून ती सुरू झाली. ही जात २०२४ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ गणली जाते. परतीचा रस्ता चॅपमन्स पीकवरून घ्यावा : कड्यात कोरलेले नऊ किलोमीटर, ११४ वळणे, १९२२ मध्ये पूर्ण. केप पॉइंटला दोन महासागर मिळतात असे सांगितले जाते. आफ्रिकेचे खरे दक्षिण टोक मात्र त्याच्या आग्नेयेला असलेले केप अगुलास आहे.

डोंगराच्या पूर्व उतारावरची कर्स्टनबॉश वनस्पतिबाग १९१३ ची. केप द्वीपकल्पात दोन हजारांहून अधिक जातींच्या वनस्पती आहेत. ‘फिनबोस’ या झुडपी वनातल्या अनेक जातींचे बी वणव्यानंतरच रुजते. एखाद्या शनिवारवाड्याइतकाच हा वारसा जपण्याजोगा आहे, आणि तो इथे नीट जपला आहे.

जेवणाचा विषय इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १६५२ मध्ये यान फान रीबेकने डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी इथे रसदीचे ठाणे उभारले. गुरे राखणाऱ्या खोईखोई लोकांची ही भूमी होती. कंपनीने इंडोनेशियाची बेटे, श्रीलंका, मादागास्कर, मोझांबिक तसेच बंगाल, कोरोमंडल आणि मलबारच्या किनाऱ्यांवरून माणसे गुलाम करून आणली. त्यांच्या हातून घडले ते केप मलाय स्वयंपाकघर. मसाला घातलेल्या खिम्यावर अंडे-दुधाचा थर देऊन भाजलेली ‘बोबोटी’ मनुका घातलेल्या पिवळ्या भाताबरोबर खातात. सांबल, रोटी, समोसा आणि अचार यांच्याशी मराठी जिभेची ओळख करून द्यावी लागत नाही. रविवारी सकाळी खाल्ला जाणारा, वरून खोबरे भुरभुरलेला ‘कूसिस्टर’ हा मसालेदार गोड तळलेला पदार्थ चुकवू नये. स्नूक हा काटेरी मासा जर्दाळूचा जॅम लावून निखाऱ्यावर भाजतात. लांबलचक पावात बटाट्याचे तळलेले काप आणि मसालेदार मांस वा मासा कोंबलेला ‘गॅट्सबी’ चौघांत वाटून खायचा. हे कामकरी वस्त्यांचे खाणे आहे आणि महागड्या उपाहारगृहांतल्या ताटांहून शहराची खरी चव त्यात अधिक सापडते. शाकाहारी माणसाची डाळ, भाजी आणि रोटीवर सोय होते.

ही परंपरा पाहायची जागा म्हणजे सिग्नल हिलच्या उतारावरचे बो-काप. रंगीत घरांपुढे छायाचित्रे काढून लोक निघून जातात, हे वाईट वाटण्याजोगे आहे. देशातली सर्वांत जुनी मशीद इथे आहे आणि इथल्या मदरशांत आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहिली गेली. वेल स्ट्रीटवरच्या मसाल्याच्या दुकानात धणे-जिऱ्याचा वास दारातच येतो.

खरेदीसाठी व्हिक्टोरिया अँड आल्फ्रेड वॉटरफ्रंट हा जुन्या गोद्यांचा परिसर सर्वांत सोयीचा. स्थानिक कारागिरांच्या वस्तू तिथल्या ‘वॉटरशेड’मध्ये मिळतात. ग्रीनमार्केट चौकात आफ्रिकेच्या अनेक देशांतले मुखवटे, मणी आणि कापड विकायला असते. तिथे घासाघीस चालते. अ‍ॅडर्ली स्ट्रीटजवळच्या फुलवाल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या प्रोटिया विकत आल्या आहेत. परदेशी पर्यटकाला सोबत नेलेल्या वस्तूंवरचा १५ टक्के मूल्यवर्धित कर विमानतळावर परत मिळू शकतो, म्हणून पावत्या जपाव्यात.

डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती १९६६ मध्ये केवळ गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि ६० हजारांहून अधिक लोकांना दूर केप फ्लॅट्सच्या रेताड सपाटीवर हलवले गेले. ते वर्णद्वेषी अंतर अजून मिटलेले नाही. डिस्ट्रिक्ट सिक्सचे संग्रहालय आणि नेल्सन मंडेला यांनी तुरुंगवासाच्या २७ पैकी १८ वर्षे काढली ते रॉबेन बेट पाहिल्याशिवाय केपटाऊन पाहिले असे म्हणू नये. बेटावर माजी कैदी तुरुंग दाखवत आले आहेत. बोटीची तिकिटे आधी काढावीत.

पाऊस हिवाळ्यात, मे ते ऑगस्टमध्ये पडतो. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर २०१८ च्या आरंभी माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा घालावी लागली होती, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी जपूनच वापरावे. डोंगराच्या आडोशाच्या न्यूलँड्स उपनगरात पाऊस शहरापेक्षा बराच अधिक होतो. तिथल्या क्रिकेट मैदानावर जानेवारी १९९७ मध्ये सचिन तेंडुलकरने १६९ धावा केल्या. भारताला या मैदानावर पहिला कसोटी विजय मिळाला तो जानेवारी २०२४ मध्ये, अवघ्या ६४२ चेंडूंत संपलेल्या सामन्यात. सामना नसेल तेव्हाही गवतावर उभे राहून डेव्हिल्स पीकचा कडा बघायला मिळाला तर जरूर बघावा.