चिलखती आलिशान एसयूव्ही

चिलखती आलिशान एसयूव्ही म्हणजे बंदुकीच्या गोळ्या, हातबाँब आणि ठरावीक क्षमतेचे स्फोट यांपासून आतील माणसांचा जीव वाचावा अशा रीतीने बांधलेली, पण बाहेरून शक्यतो नेहमीच्या मोटारीसारखीच दिसणारी उंच बांध्याची मोटार. राष्ट्रप्रमुख, मंत्री, राजदूत, न्यायाधीश आणि धमक्यांच्या छायेत वावरणारे उद्योजक या मोटारी वापरतात. लष्करी वाहन आपले चिलखत मिरवते. या मोटारीचे पहिले संरक्षण मात्र ओळखू न येण्यात असते. तिने उभ्याउभ्या मारा झेलत राहावा अशी अपेक्षा नसते. हल्ल्याच्या जागेतून बाहेर पडेपर्यंतचे मोजके सेकंद मिळवून देणे हे तिचे खरे काम आहे आणि तिच्या रचनेतील बहुतेक निर्णय या एका गरजेपाशी येऊन थांबतात.

संरक्षित मोटारींची परंपरा जुनी आहे. मर्सिडीज-बेंझने १९२८ मध्ये नुरबुर्ग ४६० या गाडीची चिलखती आवृत्ती बाजारात आणली आणि पुढे जपानचे सम्राट हिरोहितो यांच्यासाठी ७७० हे मॉडेल तयार केले. सेडानकडून एसयूव्हीकडे ओढा वळला त्यामागे दिखाऊपणापेक्षा व्यवहार आहे. मजबूत सांगाडा, वजन पेलणारे धुरे, जमिनीपासूनची उंची आणि दुभाजक ओलांडून जाण्याची क्षमता हे सारे एसयूव्हीत मुळातच असते.

संरक्षणाची पातळी चाचणीवरून ठरते. युरोपात काचेसाठी ईएन १०६३ हे मानक असून संपूर्ण मोटारीच्या चाचणीसाठी व्हीपीएएम या संघटनेची नियमावली प्रमाण मानली जाते. अमेरिकेतील उत्पादक अनेकदा एनआयजे, म्हणजे तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस या सरकारी संस्थेच्या मानकाचा दाखला देतात. येथे खरेदीदाराची फसगत होण्यास पुष्कळ वाव आहे, कारण आकडा एकच असला तरी अर्थ एकच असेल असे नाही. ईएन १०६३ मधील बीआर६ ही पातळी ७.६२ × ५१ मिलिमीटरच्या (गोळीचा व्यास × काडतुसाच्या नळीची लांबी) रायफलच्या मऊ गाभ्याच्या गोळीसाठी आहे. व्हीपीएएमची व्हीआर६ मात्र ७.६२ × ३९ मिलिमीटरच्या, म्हणजे एके-४७ च्या गोळीसाठी आहे. त्यामुळे ‘सहाव्या पातळीचे संरक्षण’ हे शब्द मानकाचे नाव सांगितल्याशिवाय निरर्थक ठरतात. शिवाय काचेचा किंवा पोलादाचा सुटा तुकडा चाचणीत उतरला म्हणून सगळी गाडी उतरली असे होत नाही. पूर्ण गाडीवर जेव्हा गोळ्या झाडल्या जातात, तेव्हा नेम धरला जातो तो सांध्यांवर, कुलपांवर, आरशाच्या बैठकीवर आणि काच जेथे चौकटीत शिरते त्या कडेवर.

याच कडेशी चिलखत बसवणाऱ्याचे कसब कळते. दरवाजा आणि चौकट यांच्यामध्ये फट राहतेच; ती बुजवता येत नाही. म्हणून दरवाजाच्या आतील पोलादी पत्रा चौकटीमागील पत्र्यावर काही सेंटिमीटर चढवलेला असतो, जेणेकरून फटीतून तिरकी आलेली गोळीही पोलादावरच आदळावी. दरवाजे, खांब आणि इंजिनामागची भिंत यांत कठीण पोलाद वापरतात, तर वजन वाचवण्यासाठी काही भागांत अरामिड (केवलारसारख्या अतिमजबूत) धाग्यांचे किंवा पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकचे थर घालतात. काचेत अनेक थर एकमेकांना चिकटवलेले असतात. बाहेरचे काचेचे थर गोळीचा आकार मोडतात आणि तिची ऊर्जा शोषून घेतात, तर आतला पॉलिकार्बोनेट या चिवट, पारदर्शक प्लॅस्टिकचा थर काचेच्या ठिकऱ्या डोळ्यांत आणि मानेत जाऊ देत नाही. अशी जाड काच पूर्ण खाली घेणे बहुधा शक्य नसते. रेंज रोव्हर सेंटिनेलमध्ये चालकाची खिडकी कागदपत्रे देण्याघेण्यापुरती १५० मिलिमीटर उघडते.

या सगळ्याची किंमत वजनात मोजावी लागते. रायफलपासूनचे संरक्षण गाडीवर अनेकदा एक टनाच्या आसपास भार चढवते. तेव्हा बिजागऱ्या, स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि ब्रेक बदलले नाहीत, तर गाडी वळणावर कलते आणि थांबायला जास्त अंतर घेते. एकूण अनुज्ञेय वजन साडेतीन टनांपुढे गेल्यास युरोपीय संघात मोटारीचा साधा परवाना पुरत नाही. २०१९ मध्ये सादर झालेल्या बीएमडब्ल्यू एक्स५ प्रोटेक्शन व्हीआर६ मध्ये ४.४ लिटरचे, ५३० अश्वशक्तीचे व्ही८ इंजिन आहे. ती शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ५.९ सेकंदांत गाठते आणि तिचा कमाल वेग २१० किलोमीटरवर रोखलेला आहे. ही चपळाई चैन नसून संरक्षणाचाच भाग आहे. टायर फुटले तरी आतल्या कड्याच्या आधाराने काही अंतर धावता येते. इंधनटाकी, बॅटरी आणि नियंत्रक संगणक यांनाही कवच लागते, कारण प्रवासी सुरक्षित पण इंजिन बंद अशी गाडी जागीच अडकते.

चिलखतालाही मर्यादा आहेत. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी जर्मनीतील बाड होंबुर्ग येथे डॉइश बँकेचे प्रमुख आल्फ्रेड हेरहाउझेन चिलखती मर्सिडीजमध्येच मारले गेले. बाँबमध्ये बसवलेली तांब्याची तबकडी स्फोटाने वेगात फेकली जाऊन दरवाजा भेदून आत शिरली होती. उलट २६ जून २०२० रोजी मेक्सिको सिटीचे सुरक्षाप्रमुख ओमार गार्सिया हारफुच यांच्या चिलखती सबर्बन या मोठ्या एसयूव्हीवर शेकडो गोळ्या झाडल्या गेल्या. हल्लेखोरांकडे .५० कॅलिबरच्या, म्हणजे सुमारे अर्धा इंच व्यासाच्या गोळीच्या रायफलीही होत्या. हारफुच जखमी झाले, पण वाचले. त्यांचे दोन अंगरक्षक आणि रस्त्यावरून जाणारी एक महिला मात्र प्राणास मुकली.

कारखान्यातच चिलखत घालून निघालेल्या आणि नंतर स्वतंत्र कार्यशाळेत चिलखत चढवलेल्या गाड्यांतला फरक काही वर्षांनी दिसू लागतो. नंतर चिलखत चढवलेल्या गाड्यांचे दरवाजे वजनाने लोंबतात, ब्रेक लवकर झिजतात. ऊन आणि तापमानातील चढउतार यांमुळे काचेचे थर सुटू लागतात. कडेला आधी पांढुरके बुडबुडे दिसतात, मग धूसर पट्टा आत सरकतो आणि अशी काच बदलण्यावाचून दुसरा इलाज उरत नाही.