चेहरा नसलेलं आत्मचित्र

जॉन कोपलान्स यांनी साठी ओलांडल्यावर, १९८४ मध्ये, स्वतःच्या उघड्या शरीराचे फोटो काढायला घेतले. तोवर कलाजगत त्यांना समीक्षक आणि क्युरेटर म्हणून ओळखत होतं. जन्म लंडनचा, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात, मग चित्रकार. १९६० मध्ये अमेरिकेला गेले, ‘आर्टफोरम’ या कलाविषयक मासिकाच्या उभारणीत हातभार लावला आणि १९७१ ते ७७ ते त्याचे संपादक होते. त्यांच्या कृष्णधवल फोटोंमध्ये पांढऱ्या पडद्यासमोर केसाळ पाठ, सुटलेलं पोट, गुडघे, तळपाय, बोटं असं सगळं येतं. चेहरा मात्र येत नाही. तरी प्रत्येक चित्राचं नाव ‘सेल्फ पोर्ट्रेट’च.

इथवर यायला छायाचित्रणाला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. स्वतःचं उघडं अंग कॅमेऱ्यासमोर आणणं तसं जुनंच. फोटोच्या शोधाचं श्रेय दागेर यांना मिळालं म्हणून चिडलेल्या इपोलित बायार यांनी १८४० मध्ये पॅरिसमध्ये स्वतःलाच बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात दाखवलं होतं. आपल्याकडे अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंग यांनीही उघड्या अंगाची आत्मचित्रं काढली. पण या दोन्ही ठिकाणी माणूस ओळखू येतो, त्याची काहीतरी गोष्ट असते. शरीराचा निव्वळ आकार उरावा, अशी इच्छा तिथे नाही.

ती इच्छा आली दुसऱ्याच वाटेनं. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी १९१७ पासून पुढची वीस वर्षं चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांचे तीनशेहून अधिक फोटो काढले. त्यांतले कितीतरी फक्त हातांचे, मानेचे, धडाचे होते. व्यक्तिचित्राला चेहरा लागतोच असं नाही, हे तिथे ठरून गेलं. १९३३ मध्ये छायाचित्रकार आंद्रे केर्तेस यांनी वेडेवाकडे आरसे लावून शरीर ताणलं, वितळवलं. ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँट यांना तर एक जुना लाकडी कोडॅक कॅमेरा मिळाला. असे कॅमेरे पोलीस गुन्ह्याच्या जागेची नोंद करायला वापरत. त्याच्या वाइड अँगल लेन्समुळे जवळचा अवयव अवाढव्य दिसे. पुढे ब्रँट समुद्रकिनाऱ्यावर गेले आणि तिथल्या गोट्यांमधला कान कुठला नि दगड कुठला, हे पाहणाऱ्याला थांबून शोधावं लागू लागलं. १९६१ च्या त्यांच्या ‘पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स’ या पुस्तकात हे सगळं एकत्र आलं.

या सगळ्यात कॅमेऱ्यामागे पुरुष, पुढे बाई. अमूर्ताच्या नावाखाली ही वाटणी बराच काळ कुणाला खटकली नाही. कॅलिफोर्नियाच्या छायाचित्रकार ॲन ब्रिगमन हा सन्माननीय अपवाद: विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्या सिएरा नेवाडाच्या डोंगरात स्वतःला आणि मैत्रिणींना पिळवटलेल्या झाडांच्या खोडांत मिसळून टाकत होत्या.

स्वतःच्या शरीराचा फोटो काढण्यात एक साधी, पण वैतागवाणी अडचण आहे. चौकटीत आपण कसे दिसतोय, हे त्या क्षणी आपल्याला दिसत नाही. फिनलंडमध्ये जन्मलेले अमेरिकन आर्नो राफाएल मिंकिनेन यांनी १९७१ पासून या अडचणीचीच शैली केली. टायमर लावायचा, मोजक्या सेकंदांत पाण्यात किंवा कड्यावर जाऊन मुद्रा घ्यायची आणि जे उमटेल ते स्वीकारायचं. निगेटिव्ह एकच, जोडकाम नाही. पाण्यातून वर आलेले त्यांचे हात-पाय पाहताना म्हणूनच थोडी भीतीही वाटते. अमेरिकन छायाचित्रकार फ्रान्सेस्का वुडमन हिनं शटर सावकाश ठेवून पडक्या घरांत स्वतःला धूसर केलं. ती १९८१ मध्ये, बावीस वर्षांची असताना गेली. तिच्या कामाकडे नीट लक्ष गेलं ते १९८६ च्या प्रदर्शनानंतर.

कोपलान्स यांचा उपाय वेगळाच होता. मोठा कॅमेरा सहायकाकडे, आणि व्हिडिओ कॅमेऱ्याला जोडलेल्या टीव्हीवर ते स्वतः मुद्रा जुळवणार. पोलरॉइड फिल्म अशी की प्रिंट आणि निगेटिव्ह दोन्ही लगेच हातात. संपादकाची सवय इथे कामी आली असं मला वाटतं: पाहायचं, कापायचं, पुन्हा पाहायचं. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाच्या कला संग्रहालयात त्यांनी ‘सीरियल इमेजरी’ हे प्रदर्शन भरवलं होतं. मोने ते वॉरहॉल, एकाच रचनेची पुनरावृत्ती करणारे चित्रकार त्यात होते. सोळा वर्षांनी तीच कल्पना त्यांनी स्वतःच्या पाठीवर राबवली.

१९८४ चं ‘पाठ, हात वर’ हे चित्र बघा. फ्रेम भरून पाठ, वर फक्त दोन मुठी, डोकं गायब. आधी एखादा कोरीव दगड वाटतो, मग केस आणि सुरकुत्या दिसतात आणि म्हातारा माणूस परत येतो. ब्रँट यांच्या चित्रांत मॉडेलची कातडी गुळगुळीत, त्यामुळे आकार सहज सुटा होतो. इथे कातडीच तो सुटू देत नाही. कोपलान्स म्हणत, मुद्रा घेताना ते भूतकाळात शिरतात, दुसरंच कुणी होतात, कधी बाईसुद्धा. चेहरा असता तर हे म्हणणं कुणी मानलं नसतं.

१९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये या चित्रांचं प्रदर्शन झालं. नव्वदच्या दशकात कोपलान्स यांनी अख्खं शरीर वेगवेगळ्या चौकटींत तोडून भिंतीवर शेजारी-शेजारी टांगायला सुरुवात केली. अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू होत गेली. २००३ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये वारले.