रक्त पिण्याआधीची चिखलातली वर्षं

लॅम्प्रे हा मासा म्हटलं की सगळे त्याच्या तोंडाचाच फोटो टाकतात, गोल, जबडा नसलेलं, आत दातांची वर्तुळं. पण त्यातला सिल्व्हर लॅम्प्रे नावाचा प्रकार दुसऱ्या माशांचं रक्त पितो ते जेमतेम एक-दोन वर्षं, त्याआधी साधारण ४ ते ७ वर्षं तो नदीच्या गाळात पुरून असतो आणि मला तरी तेच जास्त भारी वाटतं.

हा उत्तर अमेरिकेतला, मिसिसिपीच्या खोऱ्यात आणि ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांमध्ये राहणारा, समुद्रात जातच नाही. दिसायला आपल्या वाम माशासारखा लांबडा, पण नातं काही नाही, याच्या अंगात हाडच नाही, नुसती कूर्चा.

पिल्लू आंधळंच म्हणा ना, डोळे कातडीखाली आणि दात नाहीत. मऊ गाळात बीळ करून बसायचं, पाण्यातलं शेवाळ आणि कुजका कचरा घशातल्या चिकट स्रावात अडकवायचा आणि गिळायचा, वर्षानुवर्षं एवढंच, कोणाला त्रास नाही. मग अंगच बदलतं, डोळे येतात, तोंडाची चकती होते, दात फुटतात आणि पित्ताशय चक्क नाहीसं होतं! माणसाच्या बाळाला पित्तनलिका नसल्या तर लिव्हर खराब होतं, लॅम्प्रे मात्र जगतो, म्हणून लिव्हरवर संशोधन करणारेही त्याच्याकडे बघतात.

आता तो स्टर्जनसारख्या मोठ्या माशाला चिकटतो, दातेरी जिभेने कातडी खरवडतो, लाळेमुळे रक्त गोठत नाही. तोंड तर अडकलेलं, मग श्वास कसा घेणार? दोन्ही बाजूंना कल्ल्यांची सात-सात भोकं असतात, त्यातूनच पाणी आत घ्यायचं आणि त्यातूनच बाहेर सोडायचं.

शेवटच्या वसंतात खाणं बंद. वाहत्या नदीत तोंडाने एकेक दगड उचलून घरटं करतात, अंडी घालतात आणि मरतात.

वाईट याचं वाटतं की दोष दुसऱ्याचा आहे. समुद्रातला सी लॅम्प्रे नायगारा धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याच्या वाटेने १९२१ मध्ये ग्रेट लेक्सपैकी एरी लेकमध्ये पोचला, पुढे वरच्या लेक्समध्ये शिरला आणि तिथल्या लेक ट्राउट माशांची वाट लावली. त्याची पिल्लं मारायला १९५८ पासून नद्यांमध्ये टीएफएम नावाचं औषध सोडतात, आणि सिल्व्हरची पिल्लंही त्याच गाळात असतात, तीही मरतात.