युरोपला मोटार पाठवताना इकोडिझाइनची कागदपत्रे कोठे अडतात

युरोपीय संघात विजेची इंडक्शन मोटार विकायची असेल, तर तिला इकोडिझाइनचा (उत्पादन कमी ऊर्जा खाईल असे घडवण्याचा) २०१९/१७८१ हा नियम लागू होतो. शाश्वत उत्पादनांसाठी २०२४ मध्ये आलेल्या नव्या चौकट-नियमाचा क्रमांकही १७८१ हाच आहे. त्यामुळे अनेक कारखानदार तो नवा नियम वाचून डिजिटल पासपोर्टच्या (उत्पादनाच्या माहितीच्या संगणकीय नोंदीच्या) चिंतेत पडतात आणि जो नियम आज त्यांच्या मालाला लागू आहे, तो न वाचताच राहतो.

नियमाच्या कक्षेत साधारणपणे ५० व्होल्टपेक्षा अधिक आणि १००० व्होल्टपर्यंतच्या, ०.१२ ते १००० किलोवॅटच्या, सतत चालण्यासाठी बनवलेल्या मोटारी येतात. पूर्णपणे द्रवात बुडून चालण्यासाठीच बनवलेल्या मोटारी वगळल्या आहेत. म्हणून सबमर्सिबल पंपाची मोटार बनवणाऱ्याने या कागदपत्रांच्या मागे लागू नये.

सर्वांत मोठा गैरसमज ‘सीई प्रमाणपत्रा’चा आहे (सीई म्हणजे माल युरोपीय नियमांत बसतो हे दाखवणारे चिन्ह). मोटारीच्या इकोडिझाइनसाठी असे प्रमाणपत्र देणारे कोणतेही सरकारी कार्यालय नाही. उत्पादकाने स्वतः मोजमाप करून तांत्रिक फाईल तयार करायची, अनुरूपतेच्या घोषणापत्रावर सही करायची आणि मग सीई चिन्ह लावायचे, एवढीच ही प्रक्रिया आहे. मध्यस्थाला पैसे देऊन चकचकीत प्रमाणपत्र आणलेल्या लोकांच्या फाईलमध्ये मूळ चाचणी अहवालच नसतो, हे पाहून फार वाईट वाटते. आयएस १२६१५ या मोटारींच्या भारतीय मानकाचा आपला परवानाही तेथे चालत नाही. मात्र त्यासाठी केलेली चाचणी युरोपला मान्य असलेल्या पद्धतीनेच झालेली असेल, तर तिचा अहवाल कामी येतो.

जो कागद बहुतेकांकडे नसतो, तो म्हणजे वेग आणि टॉर्क (फिरवण्याचे बळ) यांच्या सात ठरलेल्या बिंदूंवरील शक्तिव्ययाचा, म्हणजे मोटारीत वाया जाणाऱ्या शक्तीचा, तक्ता. पूर्ण, पाऊण आणि अर्ध्या लोडवरची कार्यक्षमता सगळे देतात. पण १ जुलै २०२२ पासून हा तक्ताही द्यावा लागतो, आणि ‘आमची मोटार इन्व्हर्टरवर (वेग बदलणाऱ्या यंत्रावर) चालत नाही’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही. एखाद्या बिंदूवर मोटार चालवण्याजोगी नसेल, तर तेथे तसे नोंदवावे, रकाना कोरा सोडू नये. ही माहिती फाईलमध्ये आणि उत्पादकाच्या खुल्या संकेतस्थळावर, दोन्हीकडे हवी. कार्यक्षमता, आयई वर्ग (कार्यक्षमतेची श्रेणी; आकडा जितका मोठा, तितकी कार्यक्षमता अधिक) आणि उत्पादनाचे वर्ष नेमप्लेटवर किंवा तिच्याजवळ टिकाऊ रीतीने कोरलेले असावे.

तारखेची चूक याहून महागात पडते. ७५ ते २०० किलोवॅटच्या, दोन, चार किंवा सहा ध्रुवांच्या थ्री-फेज मोटारींना १ जुलै २०२३ पासून आयई४ वर्ग आवश्यक आहे (ब्रेक मोटारी आणि स्फोटरोधक मोटारी याला अपवाद आहेत). येथे मोजली जाते ती संघाच्या बाजारात माल प्रथम उपलब्ध झाल्याची तारीख. ऑर्डरची, उत्पादनाची किंवा बंदरातून जहाज निघाल्याची नव्हे. एका कारखानदाराचा आयई३ माल मुदतीआधी बनलेला होता आणि त्या भरवशावर तो निर्धास्त होता. त्याला हा फरक वेळेवर कोणी सांगितला असता, तर त्याचे नुकसान टळले असते.

तपासणी यंत्रणेला शक्तिव्ययात जी सूट दिली आहे (१५० किलोवॅटपर्यंत १५ टक्के, त्यापुढे १० टक्के), ती केवळ पडताळणीसाठी आहे. उत्पादकाने ती आपल्या आकड्यात धरून वरचा वर्ग जाहीर करू नये.

बाकीची पूर्तता सोपी आहे: उत्पादकाचे नाव-पत्ता, संघातील आयातदार किंवा लेखी अधिकारपत्र दिलेला प्रतिनिधी आणि सुटे करण्याच्या व पुनर्वापराच्या सूचना. मोटारींना ऊर्जा-लेबल नसल्यामुळे त्याच्या नोंदणीच्या नावाखाली कोणी शुल्क मागितले तर देऊ नये. शेवटची मोटार बनल्यापासून दहा वर्षे फाईल जपावी लागते आणि युरोपातील यंत्रणेने मागणी केल्यावर ती दहा दिवसांत सादर करावी लागते. तेवढ्या दिवसांत सात बिंदूंची चाचणी नव्याने उरकण्याच्या भरवशावर कोणी राहू नये.