बलक फेकले आणि तूप तसंच राहिलं

दादाचा लिपिड प्रोफाईलचा, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीच्या तपासणीचा रिपोर्ट डिसेंबरमधे व्हॉट्सॲपवर आला आणि अर्ध्या तासात आमच्या इंदिरानगरच्या घरात निकाल पण लागला, की अंड्यांनीच केलं. आई म्हणाली मी कधीपासून सांगतेय रोज चार चार अंडी खातो हा, आणि दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी बलक काढायला सुरुवात केली. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर सिंकपाशी वाटीत चार पिवळेधमक बलक टाकायला ठेवलेले आणि शेजारीच ओट्यावर दादाच्या कॉफीचा मग, त्यात दोन मोठे चमचे तूप घालून वहिनी ढवळतायत. ते बघून मला खरंच वाईट वाटलं हो. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, आणि माझ्याच घरात हे चाललेलं. दादा लो कार्ब करतोय, म्हणजे पोळी, भात, साखर जवळजवळ बंद. नाशकात माझ्या ओळखीतच असे सात आठ जण आहेत, बहुतेकांचा हाच गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दादाचं सांगते. वय ४७, साखर बॉर्डरला. ऑगस्टपासून पोळी, भात, साखर, बटाटा सगळं बंद केलं त्याने, मिसळ खायला गेलो की पाव माझ्या ताटात. डिसेंबरपर्यंत ८ किलो वजन उतरलं, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ वरून ५.७ वर आली, ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, २३० चे ११५ झाले. हे चांगलंच झालं, आपल्याकडे पोटावर चरबी, ट्रायग्लिसराईड जास्त आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी हा नमुना खूप दिसतो आणि त्यावर कार्ब कमी करण्याचा फायदा होतो. पण एलडीएल, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते ११८ वरून १८४. सगळे घाबरले ते त्यामुळे, आणि घाबरायलाच हवं होतं.

आता अंड्यात असतं काय ते बघा. ५० ग्रॅमचं एक अंडं घेतलं तर प्रोटीन ६ ग्रॅम, फॅट ५ ग्रॅम, आणि त्या पाचातलं सॅच्युरेटेड, म्हणजे तूप बटरमधे जास्त असणारं घट्ट होणारं फॅट, फक्त दीड ग्रॅमच्या आसपास. बाकीच्यात मोठा वाटा ओलेइक ॲसिडचा, जे आपल्या शेंगदाणा तेलात पण भरपूर असतं. कोलेस्टेरॉल मात्र २०० मिलिग्रॅमच्या जवळपास आणि ते अख्खं बलकात. कोलीन पण बलकातच, डोळ्यांना लागणारं ल्युटीन पण बलकातच, पांढऱ्यात प्रोटीन आणि पाणी सोडलं तर फारसं काही नाही.

मी वहिनींना घेऊन बसले आणि लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे दादाच्या एका दिवसाचा सॅच्युरेटेड फॅटचा हिशोब मांडला. चार अंडी, ६ ग्रॅम. कॉफीतलं दोन मोठे चमचे तूप, १७ ग्रॅम. भुर्जीत बटरचा २० ग्रॅमचा तुकडा, त्याचे १०. दीडशे ग्रॅम पनीर, १८. चीजच्या दोन स्लाईस, ६. झाले ५७ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांपेक्षा कमी सॅच्युरेटेड फॅट असावं, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला साधारण २२ ग्रॅम. आणि आपण बलक फेकून काय केलं तर ५७ चे ५१.

वहिनी पाकीट हातात धरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं पण तूप तर घरचं आहे, मी स्वतः लोणी कढवते."

घरचं आहे हे खरंच आहे आणि त्या तुपाचा वास अख्ख्या बिल्डिंगला येतो. पण लिव्हरला तूप घरचं की डेअरीतलं हे कळत नाही, त्याच्याकडे पोचतात ती फॅटी ॲसिडं. तुपात साठ टक्क्यांच्या वर सॅच्युरेटेड असतं, खोबरेल तेलात तर ८० च्या पुढे. त्यातली लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक ही तिन्ही ॲसिडं एलडीएल वाढवतात हे वर्षानुवर्षांच्या आहाराच्या प्रयोगांत परत परत दिसलंय. स्टिअरिक हे चौथं, ते पण सॅच्युरेटेडच पण ते फारसं वाढवत नाही.

वाढवतात कसं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर नावाचे हूक असतात, ते रक्तातून जाणारा एलडीएलचा कण पकडून आत ओढतात. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना याच कामासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. आपल्या गल्लीतल्या घंटागाडीसारखं धरा. रोज गाडी आली तर गल्ली साफ, आणि गाडीच्या फेऱ्या कमी झाल्या की घरोघरी कचरा तेवढाच निघत असला तरी कोपऱ्यावर ढीग दिसायला लागतो. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की हे रिसेप्टर थंडावतात, म्हणजे गाडीच्या फेऱ्या कमी, आणि एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं. जितका जास्त वेळ फिरणार तितकी ते धमनीच्या भिंतीत शिरून बसायची शक्यता जास्त.

मग अंड्यातल्या कोलेस्टेरॉलचं काय? ते खाल्लं तेवढं सगळं रक्तात येत नाही. आतडं त्यातलं सरासरी निम्म्याच्या आसपास शोषून घेतं, आणि बाहेरून जास्त आलं की लिव्हर स्वतःचं बनवणं कमी करतं. सगळ्यांचं शरीर हे सारखं सांभाळत नाही, काही लोकांचं एलडीएल अंड्यांनी बऱ्यापैकी वाढतं, पण बहुतेकांचं थोडंच.

ही भीती आली कुठून तर १९१३ साली रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्या चोंदल्या. प्रयोग मोलाचा होता, कोलेस्टेरॉलचा आणि धमन्यांचा संबंध त्यातून पुढे आला, पण ससा पडला गवत खाणारा, त्याच्या शरीराला बाहेरून येणाऱ्या कोलेस्टेरॉलची सवयच नाही. पुढे १९६८ मधे अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला तीनच बलक अशी मर्यादा घातली आणि ती जगभर गेली, आपल्या आजोबांच्या डॉक्टरांपर्यंत. ती ३०० ची अट अमेरिकेच्या सरकारी आहार सल्ल्यातून २०१५ नंतर निघाली. वाद मात्र मिटलेला नाही, २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात जास्त अंडी खाणाऱ्यांत हृदयविकार थोडा जास्त दिसला, आणि २०२० च्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात रोज एका अंड्यापर्यंत काही फरक दिसला नाही. अशा अभ्यासांत अंड्याबरोबर बेकन, बटर, ब्रेड पण आलंच, ते वेगळं काढणं अवघड.

म्हणून २०२५ मधे ऑस्ट्रेलियातून आलेला प्रयोग मला फार आवडला. ६१ लोक घेतले, प्रत्येकाला पाच पाच आठवडे तीन वेगवेगळे आहार, एकात रोज दोन अंडी पण सॅच्युरेटेड फॅट कमी, एकात अंडी नाहीत पण सॅच्युरेटेड फॅट जास्त, आणि तिसऱ्यात फॅट पण जास्त, कोलेस्टेरॉल पण जास्त, अंडं आठवड्यातून एकच. एलडीएल कमी झालं ते दोन अंडीवाल्या आहारावर. अंडी बंद पण फॅट चालू, त्यात फायदा दिसला नाही. प्रयोग लहान आहे, एलडीएल आधीच खूप वाढलेले लोक त्यात नव्हते, हे धरूनच तो वाचायचा, पण आमच्या सिंकपाशी जे चाललं होतं नेमकं तेच त्यांनी मोजून बघितलं होतं.

लो कार्बमधे हे जास्त का होतं तर पोळी भात गेला की पोट कशाने तरी भरावंच लागतं आणि हात जातो तूप, बटर, चीजकडे, कारण सगळीकडे सांगतात फॅट बिनधास्त खा. आणि पहिल्या आठवड्यात वजन झपकन उतरतं त्याने विश्वास पण बसतो, ते बरचसं पाणी असतं, शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी निघून जातं. मुळात सडपातळ असलेल्या काही जणांचं एलडीएल तर कार्ब तोडल्यावर फारच वर जातं, त्यामुळे सुरू करायच्या आधी एकदा आणि दोन तीन महिन्यांनी परत टेस्ट कराच. डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोळी सोडू नका, ग्लिमेपिराईडवर साखर एकदम खाली जाऊ शकते आणि डॅपाग्लिफ्लोझिनवर कार्ब फार कमी केले तर रक्तात ॲसिड वाढायचा धोका असतो, साखर नॉर्मल दिसत असताना सुद्धा.

आमच्याकडे बदललं ते एवढंच की कॉफीतलं तूप गेलं, भुर्जी शेंगदाणा तेलात, चीज बंद, पनीर आठवड्यातून दोनदा. त्या जागी मेथी, गवार, दुधी अशा भाज्या दाण्याचं कूट घालून, जवसाची चटणी, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, आणि दुपारी मोड आलेल्या मटकीची एक वाटी, त्यात कार्ब आहेत पण फायबर पण आहे आणि तेवढे त्याला चालतात. तूप वरणावर पडतं अर्धा चमचा, वरणाची वाटी लहान झालीय. अंडी रोज तीन, अख्खी. मार्चच्या रिपोर्टला एलडीएल १२९ आलं, वजन उतरायचं थांबलं होतं त्याचाही थोडा हात असेल त्यात कारण वजन वेगाने कमी होत असताना पण एलडीएल तात्पुरतं वाढलेलं दिसू शकतं.

त्या संध्याकाळी आम्ही त्रिमूर्ती चौकात भुर्जीच्या गाडीवर गेलो. कांदा कापून ढीग लावलेला, तवा तापलेला, गाडीवाल्याने बटरचा तुकडा उचललाच होता तर दादा म्हणाला, "भाऊ, बटर नको, तेलात कर." त्याने पिशवी उचलली, पामोलीन. मी हळूच दादाला म्हटलं यात पण ४० टक्के सॅच्युरेटेड असतं. दादा दोन सेकंद तव्याकडे बघत राहिला, गाडीवाला पण थांबला, मग त्यानेच विचारलं, "मग बॉईल देऊ का साहेब?"

चार बॉईल घेतली, दोन दोन. त्याने दोऱ्याने मधून कापली, वर तिखट मीठ आणि बारीक कांदा, आणि दादाने पहिला घास बलकाचाच घेतला.